शेवटी एक आकडा, सुरुवातीला एक कॅपिटल: पासवर्ड फोडणाऱ्या नियमांची गोष्ट

हा आपल्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. बोलतानाचे अडखळणे काढून टाकलेत, बाकी गप्पा जशाच्या तशा ठेवल्यात.

आजचा विषय पासवर्ड. पण 'पासवर्ड मजबूत ठेवा' हे सांगायला मी आलेली नाही, ते काम बँकेचे एसएमएस करतात. आज आपण कुलपाच्या पलीकडे जाऊन उभं राहायचंय, जिथे फोडणारा बसलेला असतो.

त्याच्याजवळ साधारण दोन गोष्टी असतात. पहिली, शब्दांची यादी: शब्दकोशातले शब्द, माणसांची नावं, गावं, क्रिकेटपटू, पूर्वी कुठूनतरी फुटलेले पासवर्ड. दुसरी, नियमांची यादी. शब्द घ्या, पहिलं अक्षर कॅपिटल करा. शब्द घ्या, शेवटी १ लावा. शब्द घ्या, उलटा लिहा. एक शब्द आणि शंभर नियम म्हणजे शंभर अंदाज. इंग्रजीत याला शब्द मुरगाळणं म्हणतात, आणि शब्द अगदी बरोबर आहे. ओला कपडा पिळावा तसा एकेका शब्दातून जमेल तेवढं काढायचं.

आता प्रश्न असा की या नियमांपैकी खरोखर चालतात कोणते? चाळीसहून जास्त वर्षं लोक हे मोजतायत. ते सगळं वाचताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. चालणारे नियम अगदी थोडे आहेत. आणि त्यातले बरेचसे चोरांनी शोधलेले नाहीत, 'सुरक्षित पासवर्ड कसा असावा' हे सांगणाऱ्या लोकांनीच आपल्याला शिकवलेत.

सुरुवातीचा भाग झटपट उरकते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एमआयटीमध्ये सीटीएसएस नावाची यंत्रणा होती. संगणक एकच, आणि बरीच माणसं आपापल्या टर्मिनलवरून तो वाटून घेऊन वापरायची. फर्नांडो कोर्बातो हे तिचे प्रमुख. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या, प्रत्येकाला मिळणारा वेळ ठरलेला, म्हणून पासवर्ड आला. तो ठेवला कुठे? साध्या फाइलमध्ये, जसाच्या तसा. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधकाला संगणकाचा वेळ पुरत नव्हता, म्हणून त्याने ती फाइल छापायची विनंती पंचकार्डावर टाकली आणि सगळ्यांचे पासवर्ड छापून मिळवले. १९६६ मध्ये तर कहर झाला. पासवर्डांची फाइल आणि रोजच्या सूचनेची फाइल यांची अदलाबदल झाली, आणि जो लॉगिन करेल त्याच्यापुढे सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड येऊ लागले. अशा जगात नियमबियम कशाला लागतात? फाइल मिळाली की खेळ खल्लास.

नियम लागायला लागले ते हॅश आल्यावर. हॅश म्हणजे काय, तर पिठाची गिरणी समजा. गहू टाकला की पीठ येतं, पण पिठातून पुन्हा गहू काढता येत नाही. तेच गहू टाकलेत तर मात्र दर वेळी हुबेहूब तेच पीठ येतं. मग संगणकाने गहू ठेवायचेच नाहीत, फक्त पीठ ठेवायचं. तुम्ही लॉगिन करताना टाकलेला पासवर्ड दळायचा आणि जुन्या पिठाशी ताडून बघायचा. इंग्लंडमध्ये केंब्रिजला रॉजर नीडम यांनी १९६० च्या दशकातच ही कल्पना वापरात आणली होती.

यामुळे चोराच्या हाती फाइल लागली तरी त्याच्याकडे नुसतं पीठच येतं. उलटं जाता येत नाही, म्हणून त्याला एकच मार्ग उरतो: अंदाजाने मूठमूठ धान्य दळत राहायचं आणि पीठ जुळतंय का बघायचं. पुढचा सगळा इतिहास 'आधी काय दळू' या एका प्रश्नाचा आहे.

आता १९७९ मध्ये या. न्यू जर्सीतल्या बेल लॅब्समध्ये, जिथे युनिक्स जन्मलं, तिथले रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन एक लेख लिहितात. नाव 'पासवर्ड सिक्युरिटी: अ केस हिस्टरी', लांबी पानं चार. या दोघांनी लोकांचे ३,२८९ पासवर्ड गोळा करून बघितले. त्यातले १५ एकाच अक्षराचे होते. हो, एकच अक्षर. ७२ दोन अक्षरांचे, ४६४ तीन अक्षरांचे, ४७७ चार अक्षर-आकड्यांचे. ७०६ पाच अक्षरांचे, ६०५ सहा अक्षरांचे. आणखी ४९२ शब्दकोशात नाहीतर नावांच्या याद्यांमध्ये सापडले. सगळे मिळून २,८३१, म्हणजे ८६ टक्के. आणि हे कुणी अडाणी लोक नव्हते बरं का, त्या काळी संगणकासमोर बसणारी माणसं होती.

पण मला त्या लेखातला दुसरा एक परिच्छेद जास्त आवडतो. फोडणारा काय काय करून बघेल, याची यादी त्यांनी दिलीय. शब्दकोश. मग तोच शब्दकोश, शब्द उलटे करून. माणसांची नावं, आडनावं, रस्ते, शहरं. मग हेच सगळं, पहिलं अक्षर कॅपिटल करून. मग खोल्यांचे नंबर, फोन नंबर. आणि राज्यातल्या सगळ्या गाड्यांच्या नंबरप्लेटा, न्यू जर्सीसाठी सुमारे पाच तास लागतील, असा हिशेबसुद्धा जोडलाय! म्हणजे बघा, 'उलटा करा' आणि 'पहिलं अक्षर कॅपिटल करा' हे दोन नियम १९७९ मध्येच छापून आलेत. आजच्या सॉफ्टवेअरमधल्या नियमांच्या यादीतही हे दोघं सापडतात.

त्यांनी उपायही सांगितले. युनिक्सची जुनी गिरणी दुसऱ्या महायुद्धातल्या एम-२०९ या सांकेतिक यंत्राची नक्कल होती आणि ती फार वेगात चालायची. अडीच लाख शब्दांचा शब्दकोश पाचेक मिनिटांत दळून व्हायचा. म्हणून त्यांनी मुद्दाम संथ गिरणी बसवली. दुसरं, प्रत्येकाच्या दळणात वेगळी चिमूट मीठ टाकलं. गंमत नाही, त्याला इंग्रजीत सॉल्टच म्हणतात. ४,०९६ प्रकारचं मीठ. त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ सहसा वेगळं येतं आणि एकदा दळलेलं सगळ्यांशी ताडून बघता येत नाही. तिसरं, कुणी फारच छोटा पासवर्ड निवडला तर प्रोग्रॅम 'जरा मोठा द्या' म्हणून विनवणी करायचा. तुमच्या फोनवर लाल अक्षरांत येणारी ती कटकट आहे ना, तिची ही आजी.

१९८४ मध्ये मॉरिस यांनी फ्रेड ग्रॅम्प यांच्याबरोबर आणखी एक लेख लिहिला. त्यातला प्रयोग मला या अख्ख्या इतिहासात सगळ्यात देखणा वाटतो. मुलींची सर्वांत प्रचलित २० नावं घ्या. प्रत्येकाच्या शेवटी एक आकडा लावा. झाले २०० अंदाज. मग कित्येक डझन मशीनवर ते चालवून बघितले, तर प्रत्येक मशीनवर त्यातला किमान एक लागला. शब्दयादी वीस ओळींची, नियम एक! यापुढच्या तीस वर्षांत हजारो नियम लिहिले गेले, पण मेहनतीच्या हिशेबात या एका नियमाच्या जवळपास येणारे मोजकेच.

आणि मग येते या गोष्टीतली खरीखुरी नाट्यमय तारीख: २ नोव्हेंबर १९८८. त्या संध्याकाळी इंटरनेटवर एक प्रोग्रॅम सुटला आणि स्वतःच्या प्रती काढत मशीनमागून मशीन अडवत गेला. आत शिरायच्या त्याच्या बऱ्याच वाटा होत्या. त्यातली एक पासवर्ड ओळखण्याची. आधी तो बघायचा की पासवर्ड रिकामाच आहे का. मग युझरनेम. मग युझरनेम दोनदा. मग माणसाचं नाव, आडनाव. मग युझरनेम उलटं. त्यानंतर आपल्याबरोबर आणलेली ४३२ शब्दांची यादी. त्यात आईनस्टाईन होता, बेथोवन होता, कॉफी होती. त्यातूनही नाही लागलं तर त्या मशीनवरचाच शब्दकोश उघडायचा.

क्रम बघा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लागण्याजोगा अंदाज आधी, महागडा शेवटी. ज्याने हे लिहिलं त्याला नियमांची किंमत कळत होती. कळणारच. तो कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी होता, नाव रॉबर्ट टॅपन मॉरिस. आपल्या त्या १९७९ च्या लेखाच्या रॉबर्ट मॉरिस यांचा मुलगा. वडील तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत, संगणक सुरक्षा केंद्राचे मुख्य शास्त्रज्ञ होते. कादंबरीत कुणी हे लिहिलं असतं तर संपादकाने 'फारच जुळवून आणलंय' म्हणून कापलं असतं. मुलावर खटला चालला, संगणक गैरवापराच्या नव्या कायद्याखाली दोषी ठरलेला तो पहिला माणूस. शिक्षा तीन वर्षं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला.

आतापर्यंत लोक नियम वापरत होते, पण कोणता नियम किती कामाचा याचा नीट हिशेब कुणी मांडला नव्हता. तो मांडला १९९० मध्ये डॅनियल क्लाइन यांनी. मी आजचा भाग खरं म्हणजे त्यांच्या एका तक्त्यासाठी केलाय.

क्लाइन यांनी ओळखीच्या लोकांकडून पासवर्डच्या फायली मागवल्या आणि १३,७९७ खाती तपासली. शब्दांच्या वेगवेगळ्या पेट्या केल्या: युझरनेमचे प्रकार, प्रचलित नावं, स्त्रियांची नावं, पुरुषांची नावं, गावं, खेळ, विज्ञानकथा, शेक्सपिअर, चिनी उच्चार, शब्दकोश. मग शब्दांवर नियम लावले. पहिलं अक्षर कॅपिटल, अख्खा शब्द कॅपिटल, उलटा, अनेकवचन, 'ओ'च्या जागी शून्य, 'एल'च्या जागी एक, 'एस'च्या जागी पाच. शेवटी ३,३४० पासवर्ड लागले, म्हणजे साधारण चौथा हिस्सा.

पण त्या तक्त्यात शेवटी एक रकाना आहे, आणि सगळी गंमत तिथे आहे. किती पासवर्ड लागले भागिले किती अंदाज लागले. साधा भागाकार! शब्दकोशाची पेटी बघा. १९,६८३ शब्द, १,०२७ पासवर्ड लागले. आकडा मोठा दिसतो, पण भागाकार केला की ०.०५२. आता युझरनेमची पेटी बघा. एका माणसामागे फक्त १३० प्रकार, पासवर्ड लागले ३६८. भागाकार २.८३. म्हणजे शब्दकोशाच्या पन्नासपटीहून जास्त! प्रचलित नावं मधे कुठेतरी, ०.२४५. आणि शेक्सपिअरने सगळे मिळून ९ पासवर्ड दिले. बिचारा.

या एका रकान्याने प्रश्नच बदलला. 'किती पासवर्ड लागतात' हा प्रश्न मागे पडला आणि 'एका अंदाजामागे किती लागतात' हा पुढे आला. सगळं दळलं तर कधी ना कधी सगळंच लागेल. अक्कल आधी काय दळायचं यात आहे.

१९९१ मध्ये वेल्समधल्या ॲबरिस्टविथ विद्यापीठात ॲलेक मफेट यांनी क्रॅक नावाचा प्रोग्रॅम जगासमोर ठेवला. त्यातली मोठी गोष्ट म्हणजे नियम प्रोग्रॅमच्या पोटातून बाहेर आले. एका साध्या फाइलमध्ये, एकेका अक्षराच्या आज्ञांच्या छोट्याशा भाषेत, तुम्ही स्वतःचे नियम लिहू शकायचा. १९९६ मध्ये रशियातल्या अलेक्झांडर पेस्ल्याक यांचा जॉन द रिपर आला, सोलर डिझायनर या नावाने ते ओळखले जातात. त्यानेही हीच भाषा उचलली आणि वाढवली. नियम आता पाककृतीसारखे झाले, एकाने लिहायचे, दुसऱ्याने चाखून सुधारायचे.

मफेट यांनी आणखी एक काम केलं, त्याचा उल्लेख फार कमी होतो. तेच नियम घेऊन त्यांनी क्रॅकलिब बनवलं. तुम्ही नवा पासवर्ड टाकलात की ते तुमचा शब्द उलट दिशेने सोडवून बघतं: शेवटचा आकडा काढला, शून्याचा 'ओ' केला, तर आत शब्दकोशातला शब्द निघतो का? निघाला तर नकार. फोडायची हत्यारं राखणीला लावली. ही वाट सगळ्यांनी धरली असती तर पुढचा बराच मनस्ताप वाचला असता, असं माझं स्पष्ट मत आहे. बहुतेकांनी दुसरीच वाट धरली, तिच्याकडे येतेच.

त्याआधी डिसेंबर २००९. रॉकयू नावाची एक कंपनी सोशल मीडियासाठी छोटी छोटी ॲप्स बनवायची. तिचे ३.२ कोटी पासवर्ड फुटले, आणि तिने ते हॅश न करता, जसेच्या तसे ठेवले होते. एमआयटीच्या त्या फाइलनंतर इतक्या वर्षांनी! २,९०,७३१ लोकांचा पासवर्ड १२३४५६ होता. पण संशोधकांसाठी ही खाण होती. त्यातून साधारण १.४३ कोटी वेगवेगळ्या पासवर्डांची यादी निघाली आणि ती आजही जिथे तिथे वापरली जाते. आतापर्यंत लोक काय करत असतील याचा तर्क करावा लागायचा. आता डोळ्यांसमोर होतं.

मग स्पर्धाच लागली. हॅशकॅट हा प्रोग्रॅम २००९ मध्ये आला, ग्राफिक्स कार्डावर भन्नाट वेगाने दळणारा. त्याच्या लोकांनी आव्हान ठेवलं: सगळ्यात जास्त पासवर्ड देणारे मोजके ६४ नियम शोधा. त्यातून आलेली फाइल 'बेस्ट६४' या नावाने प्रसिद्ध आहे. प्रत्यक्षात तिच्यात चौसष्टहून थोडे जास्तच नियम आहेत, पण नाव चिकटलं ते चिकटलं. ही फाइल उघडली तर पहिला नियम काय आहे माहितीये? काहीच करू नका! शब्द जसा आहे तसा टाका. तो सगळ्यांत वर आहे कारण तो सगळ्यांत जास्त चालतो. मग उलटा करा, मग सगळं कॅपिटल, मग पहिल्या अक्षराची केस बदला. मग शेवटी ० ते ९ पैकी एक आकडा. मग शेवटी ०१, ११, १२, १२३ असे ठरीव आकडे. मग 'ओ'चं शून्य, 'आय'चा एक, 'ई'चा तीन. ओळखीचे चेहरे वाटतायत ना? मुलीचं नाव आणि एक आकडा, १९८४. उलटा आणि कॅपिटल, १९७९. 'ओ'चं शून्य, १९९०.

नियम मोजायचे कसे, हे जरा थांबून सांगते, कारण इथे भले भले फसतात. समजा दोन नियम आहेत, आणि प्रत्येक नियम एकट्याने चालवला तर हजार पासवर्ड देतो. दोन्ही मिळून दोन हजार देतील का? नाही देणार. चाळणीसारखं आहे. पहिल्या चाळणीत जे अडकलं ते दुसरीपर्यंत पोचतच नाही. दुसऱ्या नियमाची खरी किंमत म्हणजे पहिल्याने न पकडलेले त्याने किती पकडले. म्हणून चांगली यादी बनवताना नियम एकेक करून तपासून भागत नाही, रांगेत उभे करून तपासावे लागतात. दुसरा सापळा म्हणजे गर्दी. रॉकयूच्या लोकांवर घासूनपुसून तयार केलेले नियम रॉकयूवर चालणारच. खरी परीक्षा दुसऱ्याच गर्दीवर. इंग्रजी बोलणाऱ्या पोरांवर तयार झालेली यादी दुसऱ्या देशातल्या बँक कर्मचाऱ्यांवर तितकीच चालेल याची खात्री नाही. नियम प्रवास करतात, शब्द तितके करत नाहीत. शेवटी आकडा सगळं जग लावतं, आधीचं नाव मात्र प्रत्येक गावाचं वेगळं.

यानंतर मोठमोठ्या याद्या आल्या. 'डाइव्ह' नावाच्या फाइलमध्ये सुमारे ९९,००० नियम आहेत. काही याद्या तर यंत्राने आंधळेपणाने बनवलेल्या, हजारो यादृच्छिक नियम तयार करायचे, जे लागतील ते ठेवायचे. २००९ मध्येच मॅट वीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लोरिडातून वेगळीच वाट दाखवली. माणसाने नियम लिहायचेच नाहीत. फुटलेल्या पासवर्डांवरून संगणकानेच साचे शिकायचे, की आठ अक्षरं मग दोन आकडे हा साचा किती वेळा येतो, आणि जास्त संभाव्य साचा आधी चालवायचा. तितक्याच अंदाजांत जॉन द रिपरपेक्षा २८ ते १२९ टक्के जास्त पासवर्ड लागले.

आता ज्या वाटेचं बोलले तिच्याकडे येते. २००३ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेत बिल बर यांनी पासवर्डविषयी मार्गदर्शक सूचना लिहिल्या. कॅपिटल, स्मॉल, आकडा, चिन्ह, सगळं हवं, आणि पासवर्ड अधूनमधून बदलायला लावा, हा जो जगभर पसरलेला मंत्र आहे, तो मुख्यतः या सूचनांतून पसरला. बँका, कॉलेजं, कंपन्या, सरकारी पोर्टलं, सगळ्यांनी उचलला. माणसाने काय केलं? कॅपिटल हवं ना, घे, पहिलं अक्षर. आकडा हवा ना, घे, शेवटी १. चिन्ह हवं ना, घे, @ किंवा उद्गारचिन्ह. मी पूर्वी जिथे काम करायची तिथे दर ४५ दिवसांनी पासवर्ड बदलायला लागायचा, आणि अर्ध्या ऑफिसचा पासवर्ड म्हणजे चालू महिन्याचं नाव, @ आणि वर्ष. अकाउंट्समधल्या एका काकांनी तर ते भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. पान उलटलं की पासवर्ड बदलला. पद्धत म्हणून मला ती फार प्रामाणिक वाटायची.

म्हणजे ऑफिसचा नियम आणि फोडणाऱ्याचा नियम हे एकच वाक्य झालं. एकाने सांगायचं 'शेवटी आकडा लावा', दुसऱ्याने लिहायचं 'शेवटी आकडा लावून बघा'.

हे कुणी मोजलं का? मोजलं. २०१० मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी जुन्या, बंद झालेल्या खात्यांचा अभ्यास केला. या खात्यांना ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलावा लागायचा. प्रश्न असा: जुना पासवर्ड माहीत असेल तर नवा ओळखता येईल का? त्यांनी बदलांचे नियम केले. शेवटचा आकडा एकने वाढव, चिन्ह इकडून तिकडे हलव, 'एस'च्या जागी डॉलर. मग कुठला बदल आधी करून बघायचा याचा सर्वांत फायद्याचा क्रम शोधला. ७,७०० हून जास्त खाती. निदान ४१ टक्के नवे पासवर्ड जुन्यावरून काही सेकंदांत निघाले. आणि १७ टक्के खाती तर पाच अंदाजांत, म्हणजे वेबसाइट 'फार वेळा चुकलात' म्हणून कुलूप लावायच्या आधीच. पासवर्ड बदलायला लावून ऑफिसला नेमकं काय मिळत होतं, सांगा.

२०१७ मध्ये एनआयएसटीने सूचना बदलल्या. अक्षर-आकडा-चिन्हाची सक्ती करू नका, उगाच मुदतीने बदलायला लावू नका, त्याऐवजी नवा पासवर्ड फुटलेल्या आणि प्रचलित पासवर्डांच्या यादीशी ताडून बघा. म्हणजे क्रॅकलिबची वाट, पंचवीसएक वर्षं उशिरा. त्याच वर्षी निवृत्त झालेल्या बर यांनी वॉल स्ट्रीट जर्नलला सांगितलं की आपण केलेल्या बऱ्याच गोष्टींचा पश्चात्ताप होतो. असं उघडपणे बोलणारा अधिकारी मला तरी दुर्मीळ वाटतो. आपल्याकडच्या अनेक पोर्टलांपर्यंत मात्र ती बातमी अजून पोचायची आहे.

आता कुणी म्हणेल, ग्राफिक्स कार्ड एवढी वेगवान झाल्यावर नियमांचा क्रम कशाला हवा, सगळेच चालवा की. हिशेब करूया. रॉकयूचे १.४३ कोटी शब्द, डाइव्हचे ९९,००० नियम. गुणाकार सुमारे १.४ लाख कोटी अंदाज. वेबसाइटने जुनी एमडी५ ही गिरणी वापरली असेल तर आजचं वरच्या दर्जाचं एक कार्ड सेकंदाला दीडशे अब्जांच्या आसपास दळतं. म्हणजे कागदावर दहा सेकंद. पण तिने बीक्रिप्ट ही मुद्दाम संथ गिरणी कडक सेटिंगला लावली असेल, तर तेच कार्ड सेकंदाला हजार-दीड हजारांवर येतं. मग तेच काम एका माणसाच्या एका पासवर्डासाठी तीस वर्षांहून जास्त. तिथे चोराला बेस्ट६४ च परवडतं, आठवडा-दीड आठवड्याचं काम. गिरणी जितकी संथ, तितकी नियम निवडण्याला किंमत. १९७९ मध्ये मॉरिस आणि थॉम्पसन यांनी गिरणी संथ केली ती याचसाठी.

आपल्या रोजच्या आयुष्यातलं एक उदाहरण देते. ई-आधारची पीडीएफ उघडायचा पासवर्ड काय असतो? नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटल आणि जन्मवर्ष. आठ अक्षरं, कॅपिटल आहे, आकडे आहेत, दिसायला झकास. पण हा पासवर्ड नाहीच, हा जाहीर केलेला नियम आहे. ज्याला तुमचं नाव माहीत आहे त्याला उरतात फक्त वर्षं, शंभर धरा. त्याला पाकिटावर लावलेला डिंक समजा, तिजोरी समजू नका, आणि ती फाइल व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवू नका.

तर मग शब्द महत्त्वाचा की नियम? २०१६ मध्ये कार्नेगी मेलनच्या संशोधकांनी लोकांना पासवर्डांच्या जोड्या दाखवून विचारलं, यातला कोणता जास्त सुरक्षित? एक जोडी होती 'आयलव्हयू८८' आणि 'आयईटकेल८८'. पहिल्याचा अर्थ तुम्हाला माहीत आहे, दुसऱ्याचा अर्थ 'मी केल खातो', केल ही तिकडची पालेभाजी. लोकांना दोन्ही सारखेच वाटले. नियम दोन्हींत तोच, शेवटी ८८. पण फोडायला दुसऱ्याला सुमारे चार अब्ज पट जास्त अंदाज लागतात. ८८ ने काहीच केलं नाही, जे केलं ते पालेभाजीने.

जाता जाता २०१९ ची एक गोष्ट. बीएसडी युनिक्सच्या जुन्या सोर्सकोडात एक पासवर्डांची फाइल राहून गेली होती, आणि तिच्यात संगणकशास्त्रातल्या मोठमोठ्या लोकांचे हॅश होते. हौशी लोकांनी ते फोडायला घेतले. युनिक्सचा शेल लिहिणाऱ्या स्टीफन बोर्न यांचा पासवर्ड होता त्यांचंच आडनाव. पुढे गुगलचे प्रमुख झालेल्या एरिक श्मिट यांचा होता बायकोचं नाव आणि शेवटी तीन उद्गारचिन्हं. ब्रायन कर्निगन यांचा नुसती विरामचिन्हं, कीबोर्डाच्या एका कोपऱ्यातली. हे सगळे लागले.

केन थॉम्पसन यांचा काही केल्या लागेना. शब्दकोश झाले, नियम झाले, काही नाही. शेवटी एकाने एकूण एक शक्यता दळायला लावल्या आणि आधुनिक ग्राफिक्स कार्डाला चार दिवसांहून जास्त वेळ लागला. निघाली बुद्धिबळाची एक चाल, जुन्या पद्धतीने लिहिलेली: वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे. बरोबर आठ अक्षरं, तेव्हाची यंत्रणा जितकी मोजायची तितकीच. बुद्धिबळ खेळणारा संगणक बनवणारा माणूस तो, दुसरं काय टाकणार. शेवटी एक उद्गारचिन्ह मात्र होतं. बुद्धिबळाच्या लिखाणात त्याचा अर्थ 'उत्तम चाल'.

पासवर्ड फुटल्याची बातमी जुन्या युनिक्सवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर गेली. थॉम्पसन यांचं उत्तर आलं, एका शब्दाचं: अभिनंदन.